पुलावर ठेवलेला म्हातारा

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर मी परभणीत कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले. मशीन तीनच, म्हणून एकेकावर दोघी. माझ्या जोडीला गंगाखेडहून एसटीनं येणाऱ्या एक ताई होत्या, तिथल्या शाळेत टायपिस्ट. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. इंग्रजी टायपिंगचा हात सफाईदार, पण वाचलेल्याचा अर्थ लागायचा नाही.

सरांकडे एका खेळाची फ्लॉपी होती. धडा संपला की अर्धा तास आम्ही तो खेळायचो. शापित गाव सोडवायला निघालेली एक लढवय्यी बाई आणि तिला वाटेत भेटलेले सोबती. चित्रं जवळजवळ नव्हतीच. पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा आणि शेवटी, आता काय करायचं, असा प्रश्न. मी मराठीत सांगायचे, मग दोघी मिळून ठरवायचो.

पहिल्याच गावात एक म्हातारा शिपाई सोबत आला. लढाईत त्याचा काही उपयोग नव्हता, चालायचाही हळू. पण आमचं पाणी संपलं तेव्हा त्यानं स्वतःचं दिलं होतं. ताईंनी ते लक्षात ठेवलं.

पुढे एका पुलावर पहारेकऱ्यानं अट घातली. एक सोबती कायमचा इथं ठेवा, मग पलीकडे जा.

"म्हाताऱ्याला ठेवू," मी म्हणाले.

"न्हाई. त्याचं पानी पिलोय आपन. दुसरी वाट असंल, बघू."

आठवडाभर आम्ही तिथंच अडकलो.

जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गंगाखेडच्या गाड्या दोन-तीन दिवस बंद होत्या. क्लास चालू होता. मी एकटीच बसले आणि म्हाताऱ्याला पुलावर ठेवून पलीकडे गेले. ताई आल्यावर सांगितलं, "म्हातारा नदीत वाहून गेला. आपल्या हातात काही नव्हतं."

"लय वाईट झालं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी खेळल्या नाहीत.

मला वाटलं, खेळच तो, विसरतील. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी विचारलं, "त्यानं हाका मारल्या का गं?" मी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग खरं काय ते सांगून टाकलं.

त्या चिडल्या नाहीत. "म्हाताऱ्याचं सोड," म्हणाल्या. "इंग्रजी तुला येतंय म्हनून मी तुझ्या तोंडाकडं बघायले. तूच खोटं सांगायलीस तर मी कुनाला इचारू?"



मग त्यांनी शाळेतला जुना शब्दकोश आणला आणि खेळ पहिल्या गावापासून पुन्हा सुरू केला. मी अर्थ सांगायचे, त्या मध्येच थांबवून शब्द तपासायच्या. मला ते बोचायचं, पण बोलायला तोंड नव्हतं. पुलापाशी पोचलो तेव्हा त्यांनी सगळ्या मजकुराचा अर्थ स्वतः लावला. काठानं बरंच मागे गेलं तर नदी पायी ओलांडता येते, अशी त्यात एक ओळ होती. पहिल्या वेळी ती मी घाईत गाळली होती.

त्या लांबच्या वाटेत दोन सोबती उपाशी मेले. म्हातारा पलीकडे पोचला. शापित गाव मात्र आम्ही सोडवलं नाही, त्याआधीच क्लास संपला.

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी येईपर्यंत आम्ही त्यांच्या सासूच्या गुडघेदुखीबद्दल बोलत होतो.