अणदूरच्या बाजारातून उलटी गेलेली जीप

हमीदमिस्त्रींना 'उल्टा मिस्त्री' हे नाव माझ्यामुळं पडलं.

सकाळपासून गावाच्या ग्रुपवर चाललंय, "उल्टे मिस्त्री गेले." खाली रडके इमोजी, आणि त्यांच्याही खाली हसरे. जीपचा किस्सा जो तो तिखटमीठ लावून सांगतोय. सांगणाऱ्यांपैकी एकही तेव्हा जन्मला नव्हता.

मी होते. जीपमध्येच होते. आता ब्याऐंशीची आहे, लाजायचं वय कधीच गेलं. म्हणून लिहिते.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव अणदूरपासून तीन मैल आत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. चारही चाकं ओढणारी. काळ्या रानातल्या चिखलातून तीच काय ती जायची, पण पेट्रोल घटाघटा प्यायची.

तेवढ्यात आमच्या पिठाच्या गिरणीला नवं इंजिन आलं आणि जुनं डिझेल इंजिन रिकामं पडलं. मामंजींना हुक्की आली, ते जीपला बसवायचं!

सोलापूरपर्यंतच्या मिस्त्र्यांनी हात जोडले. अणदूरचे हमीदमिस्त्री तेव्हा पंचविशीतले. म्हणाले, "बसवतो की."

महिनाभर ठोकाठोक चालली. वजनानं जीपचं नाक खाली गेलं, तर पुढं स्प्रिंगचे जादा पाटे घातले.

ट्रायलच्या दिवशी मामंजी नारळ घेऊन जीपपुढं उभे. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला.

जीप मागं गेली.

दुसरा टाकला. आणखी जोरात मागं, थेट कडब्याच्या गंजीत. मामंजींनी धावत जाऊन किल्ली काढली, तरी इंजिन चालूच. डिझेलला किल्लीचं काय!

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "मालक, चूक माझी. इंजिन उल्टं फिरतंय. गिरणीवर पट्टा पीळ देऊन टाकलेला हुता, म्हनून जातं सरळ फिरायचं. म्या पट्टा बघितलाच न्हाय."

"मग आता?"

"काढून दुसऱ्या तोंडानं जोडायचं. आठ दिस लागत्याल."

आठ दिवस कुठले! माझे दिवस भरले होते. दुसऱ्याच सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. नळदुर्गला दवाखान्यात न्या, न्हायतर दोनी जीव जात्याल."

आमचे हे उमरग्याला शाळेवर. बैलगाडी ओढ्यात रुतणार हे सगळ्यांना ठाऊक, आदल्या दिवशीची एक अजून तिथंच रुतलेली होती.

मिस्त्री जीपखाली झोपून बोल्ट ढिले करत होते. ते उठले.

"मालक, वैनीला मागं ठिवा."

"अरे, पण ही उलटी चालते!"

"उल्टी चालते, पन चालते. पुढं जायला आता रिवर्सचा एकच गिअर हाय, त्यात बैल बरा. मागं जायला तीन हायत."

सासूबाईंनी जीपला चारी बाजूंनी सोलापुरी चादरी बांधल्या. गाडी उलटी न्यायची तर मान वळवून मागं बघावं लागणार, आणि मागं मी, अडलेली बाई. मिस्त्रींना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी आपणहून अर्धं अंग जीपबाहेर काढलं, एक हात स्टेअरिंगवर ठेवला आणि कडेनं रस्ता बघत निघाले.

सात-आठ मैल. असेच लटकून.

ओढ्यात पाणी आत आलं तशी मी ओरडले. चादरीपलीकडून आवाज आला, "वैनी, भिऊ नगा. ह्या इंजिनाला पलगच न्हाईत, पानी काय करनार?" पेट्रोलची असती तर प्लग भिजून तिथंच बसली असती.

अणदूरला नेमका बाजार भरलेला. उलटी जीप बघून लोक टाळ्या पिटायला लागले. "मिस्त्री, तोंड कुनीकडं रं?" मग कुणीतरी ओरडलं, "उल्टा मिस्त्री!" आणि सगळा बाजार हसला.

मी तोंडात पदर कोंबून आत पडलेले. 'आत बाई अडलीय' एवढं एक वाक्य मिस्त्री बोलले असते तर हसणं जागच्या जागी थांबलं असतं. ते बोलले नाहीत. हॉर्न वाजवत राहिले.

नळदुर्गला माझी सुलू जन्मली. दोघी वाचलो. मिस्त्रींची मान महिनाभर वळत नव्हती.

इंजिन त्यांनी कबूल केल्याप्रमाणं आठ दिवसांत सरळ केलं. जीप पुढं कितीतरी वर्षं चांगली पळाली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कुणी काम द्यायला आलं की आधी म्हणायचं, "सरळ बसवा बरं का!"

मी एकदा विचारलं, "मिस्त्रीभाऊ, खरं काय ते सांगत का नाही?"

पाना पुसत म्हणाले, "सांगितलं की लोक इचारनार, गाडीत कोन हुतं, कशी हुती. बाईमानसाची गोष्ट बाजारात कशाला? ऱ्हाऊ द्या."

खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मीही गप्प राहिले.

सुलूच्या लग्नात मिस्त्री नवा सदरा घालून मांडवात आले. पुण्याच्या व्याह्यांनी विचारलं, "हे कोण?"

आणि मी, मीच, हसत म्हणाले, "हे आमचे उल्टे मिस्त्री."

व्याही हसले. मिस्त्रीही हसले. सलाम करून पंगतीत जाऊन बसले.

त्यानंतरही इतकी वर्षं ते "वैनी, वैनी" करत तसेच बोलत राहिले. दर ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला जायची, आज माफी मागू म्हणून. दर वेळी तशीच परत यायची.

आज दुपारच्या नमाजानंतर त्यांना नेलं.

हमीदभाऊ, चुकले मी. त्या मांडवात मला म्हणायला हवं होतं, "हे आहेत म्हणून आज नवरी उभी आहे."

आज सगळ्यांसमोर म्हणतेय. ऐकायला तुम्ही नाही.

शांत झोपा, भाऊ.
तुमची वैनी.