‘काय बी’ नावाची भाजी

मावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी इंदापुरात शिलाईच्या दुकानात दुपारचा डबा उघडत होते. तिचे यजमान, आमचे तात्या, एवढंच म्हणाले, "तुजी मावशी गेली गं… दोन घास खाऊन निघ." अशा वेळीसुद्धा आधी जेवणाचं बोलणं! त्या घराला हे वळण तिनंच लावलेलं. आता महिना होत आला, पण तात्यांचा तो आवाज कानातून जात नाही.

नवऱ्याचा मार खाऊन मी कोऱ्हाळे बुद्रुकला तिच्याकडे आले, तेव्हा वाळून काडी झाले होते. सासरी मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जायचं आणि पाठोपाठ नवऱ्याचा हात माझ्यावर. सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं उभ्यानंच गिळायचं, हीच सवय. दवाखान्यातल्या बाईंनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि नीट खा म्हणाल्या. नीट खायचं म्हणजे काय, तेच मी विसरले होते.

पहिल्याच सकाळी मावशीनं विचारलं, "काय खाशील?"

"काय बी."

"काय बी नावाची भाजी आमच्या रानात पिकत न्हाय. पिकली की करीन."

आणि ही बया खरंच चूल न पेटवता शेंगा फोडत बसली! मला राग आला, रडू आलं, भूक तर कडकडून लागलेली. शेवटी पुटपुटले, "शेवग्याच्या पाल्याची." तशी ती लगेच उठून परड्यात गेली. ती भाजी, बाजरीची गरम भाकरी, वाटीभर दही. मी विचारलं, "मीठ बरोबर हाय न्हवं?" जसं काही मीच रांधलं होतं! ती म्हणाली, "कमी पडलं तर वरनं घ्यावं. त्यात काय एवढं?" माझ्या सासरी हे कुणाला कधी सुचलं नव्हतं.

मग रोज तेच. ती विचारायची आणि उत्तराची वाट बघत बसायची. पुढं पुढं मी हुलग्याचं माडगं काय, अंड्याची पोळी काय, इतकं मागू लागले की तात्या म्हणाले, "ही पोरगी आपल्याला खानावळ काढायला लावती!"

आणि एक दिवस सासरची माणसं न्यायला आली. ओसरीवर भाऊबंद जमले. बाईनं सोसावं, नांदायला जावं, हेच सगळ्यांच्या तोंडी. ‘तुमी म्हणाल तसं’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. मावशीनं जेवणाचं विचारावं तशाच आवाजात विचारलं, "तुला काय पायजे?" आणि गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला आता सवय झाली होती.

"मला जायचं न्हाय," मी म्हणाले.

थोरले दीर उसळले. मावशी त्यांना म्हणाली, "ऐकलं न्हवं? च्या घ्या आन् निघा."

दहाव्याला गेले, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराचा उंबरा मला ओलांडवेना. तिच्याकडे नवीन आले होते, तेव्हा मी जेवताना मागून कुणी आलं की दचकायचे. म्हणून माझं जेवण होईपर्यंत ती त्या उंबऱ्यात बसून राहायची. "तू जेव. मी हाय हितं." फार आठवण येते तिची. आता इंदापुरातल्या माझ्या खोलीत मी मांडी घालून, दाराकडे पाठ करून निवांत जेवते. भीती कधीच गेली. तरी मध्येच, घास हातात धरून, मागं वळून बघते… ती बसलीय का म्हणून.