दोन बोटांचा फरक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे सांगताना मला स्वतःला अजून हसू येत नाही!

गोव्यात मये गावात आमची जुनी जीप आहे. कॉलेज संपल्यावर मी ती गावातल्या आजारी माणसांसाठी ठेवली. म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं, आणायचं, फुकट. शेजारच्या सुमतीकाकीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. नऊच्या आत पोचायचं, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेपटाला. तिचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यात धुकं. आता सांगा, उशीर परवडणार होता का?

त्याच आठवड्यात डिचोलीच्या बाबल मेस्त्रींनी जीपचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून दिले होते. दसऱ्याला गाडी धुताना मी पाहिलं, मागचं डावं चाक मडगार्डच्या कमानीत पुढे सरकलेलं! टेप लावली. उजव्यापेक्षा दोन बोटं पुढे. म्हणजे ॲक्सल वाकडा!

तसाच मेस्त्रींकडे गेलो. पाने, हातोडे पाटावर मांडलेले, वर झेंडूची फुलं.

"मेस्त्री, ॲक्सल वांकडो बसयलात तुमी!"

"गाडी बरी आसा. चलय."

"फाल्यां सकाळीं काकीक इस्पितळांत व्हरूंक जाय. आताच सारको करून दियात."

"आज आयुधांक हात लावचो ना. आनी गाडी बरी आसा म्हूण सांगलां मरे!"

मला त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. एका बाईचा डोळा जातोय आणि हे फुलं मांडून बसलेत! मी तिथंच अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "च्या घेतलो?" मी चहा न घेता निघालो. केवढा बाणेदारपणा!

घरी येऊन जॅक लावला, ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट सैल केले. ॲक्सल हलेना. का हलेना? पाट्यांमधून निघालेल्या एका बोल्टाचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलेलं. हा सेंटर बोल्ट. ॲक्सल जागच्या जागी राहावा म्हणूनच तो असतो, हे मला ठाऊक होतं. पण जागाच चुकलेली असेल तर? डाव्या बाजूचा काढून टाकला! पहारीने ॲक्सल दोन बोटं मागे रेटला, यू-बोल्ट आवळले. आता दोन्ही कमानीत चाकं अगदी मधोमध. देखणी!

सकाळी काकीला घेऊन निघालो. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी शेताकडे. गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग तिरकं. आम्ही खेकड्यासारखे चाललो होतो. समोरून आलेला पोदेर पावाच्या टोपलीसकट गटारात उतरला.

"बाबू," काकी म्हणाली, "माका दिसना, पूण कळटा. गाडी आडवी कित्याक चलता?"

"रस्तो वायट आसा, काकी."

"रस्तो काल बरो आसलो."

ती पदराच्या टोकाने डोळा पुसत राहिली. मी कशीबशी जीप मेस्त्रींच्या दारात घातली.

त्यांनी वाकून एकदा पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. नवा सेंटर बोल्ट घातला. मग चेसिसच्या पुढच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, तिथून ॲक्सलपर्यंत दोरीने दोन्ही बाजू मापल्या, मग तिरप्याही. सगळं जुळलं. ॲक्सल होता तिथंच परत आला.

"पूण मेस्त्री, ती दोन बोटां..."

"आदीं तिका पावय. मागीर उलोवया." त्यांनी बोलणं नंतरवर ढकललं.

नऊला पाच मिनिटं असताना पोचलो. काकीचं नाव पुकारत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. काकीला धरून बाहेर आणलं. जीपपाशी ती थांबली, इकडे गेली, तिकडे गेली, वाकली. 

"काकी, दिसता मगो?"

"दिसता तर!" ती म्हणाली. "चाकां बरीं आसात. पूण ह्या दाव्या कुशीचो पत्रो कोणें रे मागें बसयला?"

मी पाहिलं. खरंच, मडगार्डच दोन बोटं मागे होतं.

"तुका कसो दिसूंक ना रे, बाबू?" काकीने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "रांगेंत तुजेंय नांव घालूंया?"