टॉवेलातला नारळ

कट्टा गावाहून सुटणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी नर्सिंग शिकणारी एक मुलगी बसायची. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला असोला नारळ. ते तिचं नवजात बाळ! गचका बसला की आधी त्याची मान सावरायची. हृदयविकारांच्या पेपरात एकदा आपटली होती, म्हणून माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावायची. "गो काकी, वायच गप रव, तुझी झडप आयकतंय."

कुणाच्या पोराने भोकाड पसरलं की हिला आनंद. "रडता मां? मग बरा आसा!" जन्मताच रडलेलं बाळ ठणठणीत, हे तिचं पाठांतर.

परवा मोबाइलवर निकाल बघून ती हुंदके द्यायला लागली. माझ्याच काळजाचा ठोका चुकला. मी डोकावले, तर 'उत्तीर्ण'! कंडक्टरसकट सगळी गाडी गरजली, "रडता मां? मग बरी आसा!"