अक्काने शिवलेलं पोतं

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याशिवाय कुणालाच नाही. इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतोय, पण स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही. लिहायचं तर आधी माझीच लाज उघडी करावी लागली असती.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्याकडे कुठल्या वळणावर कोण उभं असतं हे शेंबडी पोरंही सांगतात. मी सव्वीस वर्षं महाडच्या एमआयडीसीत काम करतोय, सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्याच वळणांवरून घरी आलोय. कुत्र्याशिवाय कधी कुणी आडवं आलं नाही. आणि खरं सांगायचं तर आताही मी भूत पाहिलेलं नाही. मी पाहिली ती आगपेटीत मावतील एवढी कापडाची मांजरं.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. लग्न होऊन ती पोलादपूर तालुक्यात कापड्याला गेली. मूल झालं नाही. दाजी मुंबईत गोदामात कामाला होते. ते वारले त्या वर्षी भाताच्या कणगीमागे तिला मांजरीचं एक पिल्लू सापडलं. करडं, पोट तेवढं पांढरं. तिनं नाव ठेवलं चिमा. पुढची सतरा वर्षं त्या दोघीच एकमेकींना होत्या.

तीन वर्षांपूर्वी अक्काचे गुडघे गेले. शेत वाट्याने दिलं आणि मी तिला महाडला आमच्या घरी आणलं. ती आली एक ट्रंक आणि चिमाला घेऊन. चिमा तेव्हाच म्हातारी होती. मागचा डावा पाय ओढायची, एका डोळ्यात फूल पडलेलं. कुठेही मुतायची. माझी बायको सुनीता वाईट नाही, पण दोन खोल्यांचं घर, त्यात तो वास.

"वन्सं, तुमची लेक परत गादीवर बसली बघा."

"बसूंदे गो. तू म्हातारी झालीस की कुठं बसशील ते बघायला मी हायच."

असं चालायचं. दोघी हसायच्याही. पण आमची पिंकी पहिल्या बाळंतपणाला आली आणि हसणं बंद झालं. बाळंतिणीच्या खोलीत, तान्ह्याच्या दुपट्यांवर ते मांजर मुतणार... सुनीता मला रोज म्हणायला लागली, "तुम्ही काहीतरी करा." अक्कासमोर बोलायची तिची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच. म्हणून मी काहीतरी केलं.

आमच्याकडे मांजर सोडायची एक रीत आहे. मांजर पोत्यात घालायचं, वाटेत पोतं तीनदा गरागरा फिरवायचं म्हणजे त्याला दिशा कळत नाही, आणि पाणी ओलांडून पलीकडे सोडायचं. पाणी मध्ये आलं की मांजर परतत नाही, असं म्हणतात. तरण्या मांजराला हे ठीक आहे, ते कुठल्याही घरात घुसून जगतं. सतरा वर्षांच्या, एका डोळ्याच्या मांजराला सोडणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

श्रावणातली सकाळ होती, पावसाने उघडीप दिली होती. अक्का दवाखान्यात गुडघा दाखवायला गेली होती, सुनीता सोबत, आणि पिंकीलाही तपासून घ्यायला नेलं होतं. मी पोत्यात एक सुका बोंबील टाकला. चिमा वासाने आपण होऊन आत गेली. पोत्याचं तोंड निळ्या सुतळीने बांधलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून भोरच्या रस्त्याला लागलो. वरंध मागे टाकलं. पुढे रस्त्याखालून एक ओढा जातो. त्याच्या पलीकडे उतरलो. पोतं तीनदा फिरवलं. आतून ती एकदाच ओरडली. आता गाठ सोडायची, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. दाजींचा पुतण्या, विलास. वरंध त्याची सासरवाडी. मी पोतं पायाने उतारावरच्या करवंदीत ढकललं आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"काय मामा, हितं कुठं?"

"लघवीला थांबलो रे."

"लघवीला म्हाडवरनं हितवर आलाव? लय दाबून धरलीत की!"

तो हसला, मीही हसलो. मग करवंदीतून आवाज आला. त्यानं मान वळवली. "मांजर वरडलं का काय?"

"असेल कुणाचं तरी."

त्यानं गाडी बंद केली, तंबाखू मळायला घेतली. आणि माझा फोन वाजला. सुनीता. पिंकीला कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या बारा दिवस आधी. विलास म्हणाला, "चला चला, मी पन म्हाडलाच चाल्लोय." तो माझ्या मागेमागे थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत आला.

पोत्याचं तोंड मी सोडलं नाही.

एक मिनिट लागलं असतं. विलासला म्हटलं असतं, "अरे, मांजर सोडायला आलोय", तर काय झालं असतं? त्यानं अक्काला सांगितलं असतं. बस, एवढंच. त्या एवढ्याशा भीतीपायी मी ते बांधलेलं पोतं तिथं ठेवून आलो. दुपारी नात झाली. दुपारनंतर घाटात जो पाऊस लागला तो दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ओढा करवंदीच्या वर चढून उतरलेला होता. झुडूप आडवं, चिखलाने माखलेलं. पोतं नव्हतं.

अक्काला मी सांगितलं की चिमा आपण होऊन गेली. म्हातारी मांजरं मरायच्या आधी घर सोडतात, हे सगळेच म्हणतात.

अक्कानं चिमाची वाटी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सतरा वर्सांत माज्याबिगर जेवली नाय. आनि न सांगता गेली?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "माज्यासमोर मरायचं नसंल तिला. हुशार व्हती."

त्या वाक्यावर ती जगत होती. चिमा स्वतःच्या मर्जीने गेली, एवढंच समाधान तिला होतं.

गणपतीनंतर तिनं बाहुल्या करायला घेतल्या. तिचा हात पहिल्यापासून चांगला. कापड्याला सगळ्या घरांतून तिच्या गोधड्या होत्या. आता ती बोटाएवढी मांजरं शिवायची. आत सावरीचा कापूस. बाहेर करडं कापड, आणि त्यावर चिमाचेच केस... गोधडीवरून, ट्रंकेतल्या लुगड्यांवरून वेचून एका डब्यात ठेवलेले. ते सुईने टोचून टोचून कापडात बसवायची. मिश्या केरसुणीच्या काड्यांच्या. डोळ्यांना तिच्या जुन्या मंगळसूत्रातले काळे मणी, ते तिनं दाजींच्या पश्चात जपून ठेवले होते. एक बसलेली चिमा, एक निजलेली, एक पाय चाटणारी. इतकं हुबेहूब की मला बघवायचं नाही. शेजारच्या मुली मागायच्या, ती द्यायची नाही.

दिवाळीच्या आसपास एक केली, तिच्या पुढच्या पंजांना लाल दोरा होता. प्रत्येक नखाच्या टोकाला एकेक टाका.

सुनीता म्हणाली, "वन्सं, मांजरीला मेंदी काढलीत होय?"

अक्कानं बाहुली डोळ्यांजवळ नेली. "लाल कुठनं आला गो? मी तर करडा ववला व्हता." मग म्हणाली, "हात जातो तसा जातो."

मी उठून बाहेर गेलो. बांधलेल्या पोत्यात मांजर नखांनी काय करेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या तीन-चार बाहुल्या तशाच. लाल पंजे. एकीचं तोंड उघडं. बाहुली पुरी झाली की अक्का दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखी तिच्याकडे बघायची. मी मनाला समजावत होतो. म्हातारपण, नजर कमी, दोऱ्याचा रंग चुकतो.

मग माघातला तो रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. पिंकी चार दिवस माहेरी आली होती; सुनीता नातीला घेऊन तिच्याबरोबर शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी पेपर वाचत होतो. अक्कानं हाक मारली.

"दत्तू, हे जरा सोड रे. माज्यानं सुटत नाय."

तिच्या तळहातावर एक पोतं होतं. बोटाएवढं. तांदळाच्या जुन्या पांढऱ्या गोणीचा तुकडा कापून शिवलेलं, तोंड निळ्या दोऱ्याने बांधलेलं.

"तूच बांधलंस ना?" मी विचारलं.

"बांदलं असंल. मला याद नाय. आत कायतरी हाय."

मी हातात घेतलं आणि गाठ बघितली.

मी कंपनीत डिस्पॅचमध्ये आहे, पोती बांधून माल पाठवायच्या खात्यात. आमच्याकडे पोत्याचं तोंड आधी मागे दुमडतात, मग सुतळीचे दोन वेढे, आणि टोक दुसऱ्या वेढ्याखालून उलटं काढून ओढतात. ओढलं की आवळतं. ज्याला माहीत नाही त्याला ती कापावीच लागते. सोडायची तर मागचा वेढा आधी उलटा ढकलावा लागतो. ही गाठ मला तिथल्या एका जुन्या मुकादमाने शिकवली. घरी मी ती कधी बांधत नाही. एकदाच बांधली होती.

अक्काच्या हातातल्या पोत्याचं तोंड मागे दुमडलेलं होतं. दोन वेढे होते. टोक उलटं काढलेलं होतं.

मी नखाने मागचा वेढा ढकलला. गाठ सुटली. आत चिमा होती, अंग मुडपून, पंजे लाल, तोंड उघडं. आणि तिच्या पोटाशी पांढऱ्या दोऱ्याने विणलेला, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, एक बोंबील.

बोंबलाचं सुनीतालाही माहीत नव्हतं. मांजर मी सोडून आलो, एवढंच तिला ठाऊक होतं. विलासने काही ताडलं असेल, अक्काला बोलला असेल, असं धरून चाला. त्याला पोत्याच्या आतलं कसं कळणार? बोंबील टाकताना घरात मी एकटा होतो.

अक्कानं तो बोंबील बोटावर घेतला. "ह्यो मी कदी केला?" मग बाहुलीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "खाल्ला नाय बघ तिनं."

मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, हातात चिंधीचं पोतं घेऊन.

"तू कशापाय रडतोस रं?"

"धूर गेला डोळ्यात."

"धूर? आपल्याकडं गॅस हाय, दत्तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लहानपणी मी खोटं बोललो की ती अशीच बघायची, आणि मी बोलेपर्यंत थांबायची. त्या दिवशीही थांबली. मी बोललो नाही. मग दारात नातीचं रडणं ऐकू आलं, सुनीता आत आली, आणि अक्कानं ते सगळं पदराखाली झाकलं.

इथपर्यंत झालं ते मला उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल आत्मा, कुणी म्हणेल योगायोग. मी प्रत्येक बाजूने विचार करून थकलो. लाल दोरा चुकू शकतो. गाठ चुकून पडत नाही.

पण मी हे लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. त्या दिवसापासून अक्कानं सुई धरलेली नाही. नातीसाठी गोधडी अर्धी शिवून ठेवली होती, ती तशीच पडली आहे. सुनीता म्हणाली, "वन्सं, एवढी तरी पुरी करा." तर अक्का म्हणाली, "नको गो. माज्या हातात कायतरी शिरलंय. पोरीच्या अंगाखाली नको." तिनं जेवायला वाढणंही सोडलंय. पिंकी आली तरी नातीला घेत नाही. हात मांडीखाली दाबून बसते.

आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयोमानाने विसरतात, भास होतात, घाबरण्यासारखं नाही. गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. त्या गोळीने ती दुपारपर्यंत पेंगते. परवा मला म्हणाली, "दत्तू, मी येडी झाले तर मला कापड्याला नेऊन ठेव. हितं पोराबाळांत नको." मी म्हटलं, "असं काही नाही, अक्का." आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

तिला सांगितलं तर चिमाचं मरण तिला परत एकदा सोसावं लागेल, आणि या वेळी खरं. शिवाय ते माझ्या हातून झालेलं. मला वाढवलेल्या बाईला हे कसं सांगायचं, या विचारात सहा महिने गेले. पण न सांगण्याची किंमत मी देत नाही, ती देते. रोज सकाळी एक गोळी.

अक्का, तुझ्या हातात काही शिरलेलं नाही. तुझ्या हातांनी जे केलं ते खरं होतं. चिमा आपण होऊन गेली नाही, मी तिला नेली, आणि पोत्याचं तोंड सोडलं नाही. एवढं मला तुला तोंडाने सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.