लाहतीला राहणारा मुलगा

मी पहिल्यांदा गाव सोडले त्या दिवशी आप्पा एसटी स्टँडवर टेम्पो घेऊन आले होते. टेम्पोत बांबू, कनाती आणि दोन कर्णे होते, कारण त्याच दुपारी शेजारच्या गावात एका साखरपुड्याचा मंडप घालायचा होता. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणे हा आप्पांचा, माझ्या वडिलांचा धंदा. त्यांच्या हातांना कायम सुतळीचा वास यायचा. त्यांनी माझी बॅग पुण्याच्या गाडीच्या डिकीत ठेवली, ड्रायव्हरला उगाचच सांगितले की पोरगा सिंगापूरला चाललाय, आणि मला म्हणाले, "पोचलास की फोन कर. तिथं कुणाला उलटून बोलू नको." गाडी सुटेपर्यंत ते थांबले नाहीत. मंडप खोळंबला होता. आई थांबली, पण मी खिडकीतून टेम्पोत मागे हलणारे कर्णे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो.

आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. देशमाने सरांनी शाळेत भूगोल शिकवला, इंजिनिअरिंगचा फॉर्म त्यांनीच भरून दिला, आणि सिंगापूरने मला काम दिले. या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला मी कृतघ्न वाटलो, तर तसे वाटणारे तुम्ही पहिले नाही.

माझी कंपनी फिनलंडची, लाकूड कापण्याची आणि सोलण्याची यंत्रे बनवणारी. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसमध्ये तिचे वर्कशॉप होते. आसपासच्या देशांतल्या प्लायवूडच्या कारखान्यांची यंत्रे आम्ही दुरुस्त करायचो. पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हौगांगहून निघायचे, बस, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, मग पुन्हा बस. लग्न झाल्यावर वैशाली आली, आम्ही एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला, ईरा झाली. कंपनीचे मुख्य ऑफिस लाहती नावाच्या गावात, एका तळ्याच्या काठी. आमचा सुपरवायझर मिक्को तिथला. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना घामाने निथळत तो गावाबद्दल बोलायचा, आणि मी देशमाने सरांचा विद्यार्थी असल्यामुळे मन लावून ऐकायचो.

एके दिवशी मॅनेजर मला म्हणाले की पुढच्या वर्षी तुला बहुतेक लाहतीला पाठवू, दोन-तीन वर्षांसाठी, नव्या यंत्रांचे काम शिकायला. मी ते आप्पांना फोनवर सांगितले. 'बहुतेक' हा शब्दही सांगितला. पण आमच्या गावात तो शब्द कुणाच्या कानात शिरत नाही.

ईरा तान्ही होती म्हणून सुट्टीवर मी एकटाच गावी गेलो, तर चौकात माझा फ्लेक्स लागलेला होता. टाय घातलेला मी, मागे बर्फाचा डोंगर, आणि खाली 'फिनलंड येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असे लिहून सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो. सत्कार ठरला होता. आमच्याकडे माणूस काही मिळवतो तेव्हा ते गावासमोर शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय मिळाल्यासारखे होत नाही, आणि आप्पांनी तर जन्मभर दुसऱ्यांच्या सत्काराचेच मंडप घातले होते. दहावीला पहिल्या आलेल्यांचे, निवडून आलेल्यांचे, निवृत्त होणाऱ्यांचे. सत्कार चालू असताना ते मागे अॅम्प्लिफायरपाशी उकिडवे बसलेले असायचे. त्या संध्याकाळी मंडप त्यांनीच घातला, नवी झालर लावली, आणि नेहमीसारखे मागे जाऊन बसले. देशमाने सर अध्यक्ष होते. ते स्टेजवरून उतरले, आप्पांचा दंड धरून त्यांना वर आणले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. आप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले. माईकने शिट्टी मारली की अर्धे उठायचे आणि सर त्यांना हाताने खाली दाबायचे. सगळे हसत होते. आप्पांना मी इतके सुखी कधी पाहिले नव्हते, आणि नंतर पाहिले नाही.

मी सिंगापूरला परतलो आणि काही आठवड्यांत ती जागा रद्द झाली. मंदी आहे, या वर्षी कुणालाच पाठवणार नाही, असे मॅनेजरांनी सांगितले. त्यात कुणाचा दोष नव्हता. माझी नोकरी कायम होती. मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "कुणाला सांगू नको एवढ्यात."

दिवाळीला मी तिकिटे काढायला निघालो तेव्हा त्यांचाच फोन आला. "या खेपेला येऊ नको," ते म्हणाले. "फ्लेक्स अजून उतरवलेला नाही. मी लोकांना सांगितलंय, तू गेलास म्हणून."

मला ते आधी चेष्टेसारखेच वाटले. मी म्हणालो, आप्पा, मी येतो आणि सरळ सांगतो, नोकरी आहे, तब्येत चांगली आहे, यात लाजण्यासारखे काय आहे? ते म्हणाले, "तुला नाही रे. त्या खुर्चीवर मी बसलो होतो." मी तिकिटे काढली नाहीत. उलटून बोलू नको असे त्यांनीच शिकवले होते.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "आज काय सांगू लोकांना?" आणि मी लाहती सांगायचो. ज्या गावात माझे पाऊल पडले नाही त्याचा इतिहास-भूगोल मी परीक्षेसारखा पाठ केला, मिक्कोला विचारून, इंटरनेटवर वाचून. लाहती वेसीयार्वी नावाच्या तळ्याच्या दक्षिण टोकाला आहे. गावाच्या अंगाने टेकड्यांची लांबच लांब रांग जाते. हिमयुगात बर्फ उत्तरेकडे हटता हटता मधेच थबकला आणि त्याने वाहून आणलेली वाळू आणि खडी तिथेच साचली, तीच ही रांग. आप्पांना हे फार आवडले. वाळूची टेकडी म्हणजे बांबू रोवायला सोपे, म्हणाले. एवढ्या थंडीत मंडप कशाचा घालतात, असेही विचारले. पूर्वी तिथे रस्त्याकाठचे एक खेडे होते, मग रेल्वे आली, कालवा खणून तळे वरच्या मोठ्या सरोवराला जोडले, बोटी चालू लागल्या. मग एकदा आग लागून खेडे जळाले आणि त्या राखेवर सरळ, रुंद रस्त्यांचे नवे गाव आखले. पुढे कारखाने वाढले, गावाची घाण तळ्यात जाऊन पाणी हिरवे झाले. मग लोकांनीच घाण वळवली, वर्षानुवर्षे जाळी टाकून नको ते मासे काढले, आणि पाणी पुन्हा नितळले. हे ऐकून आप्पा म्हणाले की हे मी ग्रामपंचायतीत सांगतो. खरोखर सांगितले असणार.

मिक्कोची आजी मूळची वीपुरीची. महायुद्धात ते शहर रशियाकडे गेले आणि तिथली माणसे सामान बांधून निघाली. कितीतरी जण लाहतीला येऊन वसले. आजी मरेपर्यंत लाहतीत राहिली, पण रस्ता विचारला तर वीपुरीच्या खुणा सांगायची, आणि तळ्याकाठी बसून म्हणायची की या पाण्याला समुद्राचा वास नाही. मी हे आप्पांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग परत गेली का ती माणसं?" मी म्हणालो, नाही, सीमा बंद होती. त्या क्षणी माझ्या अगदी ओठांवर आले होते की आप्पा, माझ्या वाटेत कुठली सीमा नाही, फक्त तुमचा एक शब्द आहे. ते म्हणाले, "जेवलास का?" मी जेवलो म्हणालो.

तीन दिवाळ्या अशा गेल्या. तुम्हीच सिंगापूरला या म्हणालो, तर गावात सांगायचे काय, फिनलंड म्हटले तर लोक फोटो मागतील, असे उत्तर मिळाले. पुण्यात भेटू म्हणालो, तर लग्नसराई निघाली. आई फोनवर यायची, चकल्या केल्यात एवढेच सांगायची आणि रिसीव्हर आप्पांकडे द्यायची. ईराला त्यांनी फक्त शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर पाहिले. त्या एका व्हिडिओ कॉलच्या आधी आप्पांचा निरोप आला: पोरीला स्वेटर घाल, शेजारी येणार आहेत.

वैशालीने कपाटाच्या तळातून लोकरीचा स्वेटर काढला आणि पोरीला घातला. उजेड चांगला म्हणून खिडकीपाशी बसवले. ईराच्या कपाळावर घाम जमला होता. पलीकडे आप्पा, आई, देशमाने सर आणि त्यांच्या मिसेस दाटीवाटीने दिसत होते. आप्पांनी मोठ्याने विचारले, "बर्फ पडला का गं?" ईरा माझ्याकडे वळून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, व्हाय आजोबा ऑल्वेज आस्क स्नो? सो हॉट, लाह." मी घाईने लाइन खराब आहे म्हणालो आणि फोन ठेवला. वैशालीने स्वेटर काढला, पोरीची पाठ पुसली आणि म्हणाली, "हे शेवटचं. ती आजोबांची नात आहे, नाटकातलं पात्र नाही." ती चिडून बोलली असती तर मला सोपे गेले असते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मंडपातच आप्पांच्या छातीत कळ आली. फोन मिळाला तसा मी निघालो. मी पोचेपर्यंत चुलतभावाने अग्नी दिलेला होता. चौकातल्या खांबावर फ्लेक्सची नुसती लाकडी चौकट उरली होती.

प्रवासभर मी उत्तरे तयार करत होतो. कधी निघालास, विमान कुठे बदललेस, तिकडे आता दिवस केवढा असतो. सगळे पाठ होते. भेटायला माणसे येत राहिली आणि एकानेही फिनलंडचे नाव काढले नाही. मला वाटले, दुःखाच्या घरी कोण विचारणार.

तेराव्या दिवशी दारात मंडप होता, दुसऱ्या कुणीतरी घातलेला, एका बाजूला झुकलेला. जेवणे झाल्यावर देशमाने सर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्यापाशी खरे बोलायचे ठरवले होते. सर, मी लाहतीला कधी गेलोच नाही, असे म्हणालो. ते मंडपाच्या झुकलेल्या खांबाकडे बघत राहिले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी व्हिडिओत तुझ्या पोरीच्या मागं खिडकीत नारळाचं झाड हलत होतं. भूगोल शिकवलाय मी. घरी आल्यावर आमच्या हिला रडू आवरेना. एवढ्या उन्हात लेकराला लोकर घातली, म्हणाली."

मी विचारले, अजून कुणाला ठाऊक होते? सगळ्यांनाच, ते म्हणाले. पण आप्पा चावडीसमोर बसून ते तळे, ती टेकडी, ती आग इतके रंगून सांगायचे की कुणी त्यांना तोडले नाही. मागच्या रांगेतली पोरे हसायला लागली की मोठी माणसे त्यांना उठवायची.

"मग मला कुणी का नाही सांगितलं, सर?" मी म्हणालो. "मी आलो असतो. त्यांच्यासाठीच तर मी आलो नाही."

सरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "आम्हाला वाटलं, तुलाच यायचं नाही," ते म्हणाले. "सिंगापूर काय, सकाळी निघालं की संध्याकाळी पुण्यात. तरी पोरगा येत नाही. म्हातारा बर्फाच्या नावाखाली झाकतोय, असं धरून चाललो आम्ही. म्हणून तर कुणी त्याला विचारलं नाही."

आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने ऐकले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्या डोळ्यांत वाचता येत होते की मी आता काय बोलणार याची तिला भीती वाटतेय. खरे सांगायला एक वाक्य पुरे होते. पण ते वाक्य बोललो की मी चांगला मुलगा ठरणार होतो आणि आप्पा एका फ्लेक्ससाठी पोटच्या पोराला घराबाहेर ठेवणारे बाप ठरणार होते. त्यांच्याच दारात, तेराव्या दिवशी.

थोड्या वेळाने कुणीतरी माईक आणला. चार माणसे आप्पांबद्दल बोलली. शेवटी सरांनी माईक माझ्याकडे दिला. तो नीट लावलेला नव्हता, शिट्टी मारत होता, आणि मागे तो ठीक करायला कुणी नव्हते.

"आप्पांनी खूप वेळा बोलावलं," मी म्हणालो. "मलाच यायला जमलं नाही."

लोकांनी माना खाली घातल्या. आई आत गेली.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मी अजून हौगांगलाच राहतो, तुआसलाच जातो. मिक्को परत लाहतीला गेला. बोलावतो अधूनमधून, ये, तळे गोठले की त्यावरून चालू. मला आता तिकीट परवडते. मी जात नाही. गावी जातो दर दिवाळीला. लोक आदराने बोलतात, चहा देतात, आणि त्यांच्या बोलण्यात कुठेतरी असते की उशिरा का होईना, सुचले. आईने त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. फक्त चकल्यांचा डबा आता दुप्पट भरते.

जे माझ्यासारखे निघाले त्यांना लोक विचारतात, तुमचे घर कुठे? मला उत्तर देता येत नाही. सिंगापूरला मी नोकरीपुरत्या मिळणाऱ्या पासवर राहतो. गावात मी बापाला न भेटलेला मुलगा म्हणून राहतो. एकच गाव आहे जिथे आप्पांना माझी लाज वाटली नाही. तिथे वाळूच्या टेकडीखाली, नितळ तळ्याच्या काठी त्यांचा मुलगा राहतो. त्याला रजा मिळत नाही, बर्फाने वाटा बंद आहेत, आणि दर रविवारी तो न चुकता बापाला फोन करतो.