खोटं भाषांतर

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारतीचे कॉलम किती जाड हवेत, त्यांत सळ्या किती घालायच्या, हे ठरवून खाली सही करणं हे माझं काम. शनिवार पेठेत छोटं ऑफिस आहे. सहीला वजन आहे असं लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेनं एक परिषद भरवली. निरनिराळ्या देशांतले आर्किटेक्ट, इंजिनिअर आपापल्या अडचणी सांगणार होते. कोलंबोचे एक गृहस्थ म्हणाले, की त्यांच्याकडची शिकलेली मुलं सगळी परदेशी जातात, ऑफिस ओस पडतं. नैरोबीहून पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, माझ्यासारख्याच स्ट्रक्चरल इंजिनिअर. एका वाढीव मजल्यासाठी त्यांनी सही नाकारली, तर दोन वर्षं कुणी काम दिलं नाही. त्या तांत्रिक शाळेत शिकवत राहिल्या. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मीही दबावाबद्दल बोललो. शेवटी म्हणालो, "पण सही आपलीच असते." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना खडकवासला दाखवायला नेलं. परतताना गाडीत मी बढाई मारली, की या रस्त्यावरच्या निम्म्या इमारती माझ्या. त्यांनी लगेच एका सहामजली इमारतीकडे बोट केलं. "ही?"

ती माझीच होती. नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो आणि त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

ती जागा पूर्वी गावात होती, आता शहरात आली आहे. जमीनमालकानं स्वतःच इमारत बांधायला घेतली. मी चार मजल्यांचा हिशोब करून दिला होता. चौथ्या मजल्याचा स्लॅब भरून झाल्यावर तो ऑफिसात येऊन बसला. म्हणाला, "सायेब, दोन मजल्यानं काय हुतंय? समदीकडं तसंच हाय." मी आठवडाभर आकडे फिरवत बसलो आणि ते सहा मजल्यांना बसेपर्यंत फिरवले. मग सही केली. त्याची पुढची तीन कामं मलाच मिळाली.

आम्ही पार्किंगमध्ये शिरलो. कोपऱ्यातल्या कॉलमला उभी चीर गेली होती, खालचं काँक्रीट सुटून गंजलेली सळी दिसत होती. नैरोबीच्या बाई खाली बसल्या आणि चिरेवरून बोट फिरवू लागल्या. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक वयस्कर बाई आत आल्या. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. या चिरेबद्दल त्यांची तीन पत्रं मला आली होती. "प्लास्टरची चीर आहे, काळजी नसावी," असं उत्तर मी जागेवर न जाताच एकदा पाठवलं होतं.

त्या इथे राहायला आल्या तेव्हा आमची गाठ पडली होती; त्यांनी मला ओळखलं. "अहो, आलात का? पाहुण्यांना दाखवायला म्हणून का होईना, आलात. खांब अजून उभा आहे, पण त्यात तुमचा काही हात नाही."

"काय म्हणतायत त्या?" पाहुण्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

मी म्हणालो, "इंजिनिअर स्वतः बघायला आले म्हणून त्यांना बरं वाटलं."

शिक्षिकांनी पिशवी खाली ठेवली. मग स्वच्छ, सावकाश इंग्रजीत पाहुण्यांना म्हणाल्या, "मी असं म्हटलं नाही. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवत होते." आणि पुढे पत्रं, माझं उत्तर, वाढवलेले दोन मजले, सगळं क्रमानं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही. मी गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा होतो. त्या दोघींपैकी एकीकडेही बघवत नव्हतं.

हॉटेलपाशी उतरताना नैरोबीच्या बाई एवढंच म्हणाल्या, "वरचे दोन मजले आधी रिकामे करा. बाकीचं नंतर." मला त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेला आणि मालकाला लिहून दिलं, की माझा आधीचा दाखला चुकीचा होता. मालकानं त्यानंतर माझं तोंड बघितलं नाही. वरचे भाडेकरू गेले, खाली टेकू लागले, दुसऱ्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली कॉलम नव्या सळ्या बांधून जाड केले गेले. शिक्षिका चार महिने लेकीकडे राहिल्या. मी फोनवर माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "लेखी द्या. तुमचं तोंडी मला कळत नाही." मी लेखी दिलं.

ऑफिसातले सहकारी म्हणतात, मी धाडस केलं. मी त्यांना खरं सांगत नाही. तीन पत्रं माझ्या टेबलावर होती तेव्हा मी निवांत जेवत होतो, झोपत होतो. परक्या देशातल्या एका बाईसमोर लाज गेली नसती, तर चौथ्या पत्रालाही मी तेच उत्तर पाठवलं असतं.